तळाचे थेंब

४ जानेवारी

वहिनी,

आधी आनंदाची बातमी, मग माझी कटकट. दादाचं नाव झटक्यांवरच्या नव्या औषधाच्या चाचणीत लागलं! येत्या सोमवारी तुमच्या इस्पितळात जा आणि बाटली घेऊन ये. खालच्या दुकानात फोन करून सांगता आलं असतं, पण आपल्या घरातल्या प्रत्येक झटक्याची खबर त्या दुकानदाराला कशाला हवी? शिवाय पुढचं सगळं तुला त्याच्या काउंटरपाशी उभं राहून ऐकता आलं नसतं.

हे औषध मुळात दगडासारखं घट्ट. तसंच गिळलं तर पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, अंगाला लागतच नाही. म्हणून आम्ही ते वितळवतो आणि मग इतक्या झपाट्यानं गार करतो की गोठायची वेळ कधी येऊन गेली ते त्याला कळत नाही. ते पातळच राहतं, फक्त दाट होत जातं, मधासारखं. आतले रेणू दाटीत अडकलेले असतात. तुझ्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात पाच बायका शिरल्या की कसं होतं? तू वळायचं तर मी सरकायला हवं, मी सरकायचं तर तिसरीनं पाय उचलायला हवा. जितकं गार, तितका खोळंबा. सगळे नीट ओळीत उभे राहिले तर ते गोठून दगड होतील, पण पहिली ओळ धरायला कोणी पुढे येत नाही. आमचं सगळं औषध त्या खोळंब्यावर उभं आहे, आणि मी गेली कित्येक वर्षं पगार घेते तो तोच मोजण्याचा.

तर फ्रिजमध्ये ठेव. हलवू नको, आपटू नको, उन्हात नेऊ नको. सकाळ-संध्याकाळ चार थेंब जिभेखाली. दर महिन्याला नवी बाटली मिळेल.

एक वाईट नियम आहे, तोही सांगून ठेवते. औषध चालू असताना झटके परत सुरू झाले, तर औषध लागू पडत नाही असं धरून नाव कापतात. मागे बरीच माणसं थांबलेली आहेत. पण ती वेळ येणार नाही, बघशील तू.

दादाला सांग, पाट्या रंगवायचे ब्रश भिजत घाल.

तुझी नणंद (आणि कृपा करून मला वन्सं म्हणू नकोस)

२० फेब्रुवारी

वन्सं,

म्हणणारच. प्रयोगशाळेत बसलात म्हणून नणंद असणं सुटत नाही.

बाटली आली आणि घरात दुसरी सासू आल्यासारखं झालं. तिला गार जागा लागते, तिला हलवायचं नाही, तिच्यासमोर दार आपटायचं नाही. ह्यांनी तर फ्रिजला पाटीच रंगवून लावली, 'शांतता राखा, आत औषध झोपले आहे'. शिडीवरून पडल्यापासून दोन वर्षांत ब्रशला हात लावला नव्हता, तो असा लावला. मी हसले, मग आत जाऊन रडले. हे फक्त तुम्हाला सांगते.

झटका नाही. खरंच, एकही नाही. जेवताना माझं सगळं लक्ष ह्यांच्या हाताकडे असायचं, घास खाली पडला की मी ताट सोडून उठायची. आता निवांत जेवते. ह्यांनी दुकानांच्या लहान पाट्या घरी आणून रंगवायला सुरुवात केलीय. मी शेजारी काजं-बटणं करत बसते. शर्टांना रंगाचा वास लागतो म्हणून माझा मालक ओरडला. ओरडू दे.

इस्पितळात एक बाई भेटते. कोपऱ्यातली खुर्ची तिनं कधी कोणाला दिली असेल तर शपथ! मी तिचं नाव खुर्चीवाली ठेवलंय. तिच्या लेकीला असाच आजार, तिचंही नाव लावायचं चाललंय. आमची चांगली गट्टी जमलीय.

औषधाचा थेंबसुद्धा वाया जात नाही, अगदी निश्चिंत राहा.

तुमची वहिनी

९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवलंय आणि दिवसातून दोनदा काढून वाचते. शेजारच्या टेबलावरच्याला वाटतं माझं कुठेतरी जुळलंय.

साहेबांना सांगितलं, की घरच्या साध्या फ्रिजमध्येही हे औषध टिकतं, आणि याचा पुरावा माझ्या भावाच्या घरात आहे. इथे शीतपेटीत टिकवणं वेगळं आणि जिथे दिवसभर दार उघडझाप होतं तिथे टिकवणं वेगळं. आता त्याच जोरावर आणखी घरांना बाटल्या द्यायचं ठरतंय. तुझ्या खुर्चीवालीचाही नंबर लागेल.

हे द्रव मोठं फसवं आहे बरं. वरून बघावं तर काहीच हालचाल नाही. आत डोकवावं तर एका कोपऱ्यात लगबग आणि लगतच सगळं ठप्प, थोड्या वेळानं उलटं. काहीच होत नाही असं दिसत असताना काय होतंय ते बघत मी तासन्‌तास बसते. लग्न का नाही केलंस असं विचारणाऱ्यांना सांगत जा, तिला अजून सवड झाली नाही.

बाटली नितळ आहे ना? लिही.

तुझी नणंद

२ एप्रिल

वन्सं,

इतकी नितळ आहे की पलीकडून तुमच्या दादांचं नाक दिसतं. ते नाक दिसायला फार नितळ असावं लागत नाही ही गोष्ट वेगळी. आमचं सगळं छान चाललंय.

खुर्चीवालीला मागच्याच आठवड्यात बाटली मिळाली. तिला भारी शंका. ती विचारते, की समजा तळाशी बारीक रवा दिसला, जुन्या मधात साखर धरते तसा, तर मधासारखीच बाटली कोमट पाण्यात उभी करून चालते का? तिला काय सांगू? जरा लवकर लिहा, ती डोकं खाते माझं.

तुमची वहिनी

८ एप्रिल

वहिनी,

कोमट पाणी मुळीच नको! रवा दिसला तर बाटली परत करायची आणि डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं. रवा धरलेलं औषध घेणं म्हणजे खडे चघळणं. नाव कापलं जाईल या भीतीनं ती गप्प बसेल, बसू देऊ नकोस. पण आठवड्याभरात रवा धरायचाच नाही. बाईनं बाटली खिडकीत ठेवली असणार. लोक ऐकत नाहीत ग. सगळ्या घरांत तुझ्यासारखी शिस्त असती तर मी सुखानं झोपले असते.

घाईत आहे.

नणंद

१५ मे

वन्सं,

एक काम आहे. तुमच्या दादांना एक पत्र लिहा आणि शिडीवर चढू नका म्हणून बजावा. बाजाराच्या चौकात कापडाचं मोठं दुकान होतंय, त्याची पाटी ह्यांना मिळालीय. पाटी दुसऱ्या मजल्याच्या वर. मी नको म्हटलं तर म्हणतात, महिने झाले, मला काही होत नाही, तुलाच काहीतरी झालंय. पाटीवरची अक्षरं कागदावर काढून भिंतभर लावलीत. सकाळी उठून आधी तिकडे बघतात, मग माझ्याकडे.

माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील, तुम्ही औषधवाल्या. कारण काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा, औषध अजून नवं आहे, थोडं थांबा, असं काहीही. मला मात्र कारण विचारू नका. फार काळजी वाटते एवढंच.

वहिनी

२१ मे

वहिनी,

नाही लिहिणार. अगं, दोन वर्षं माणूस खोलीत कोंडलेला होता. तूच लिहायचीस, की ह्यांचा चेहरा बघवत नाही. आता झटका नाही, औषध नितळ आहे, मग त्याला शिडीपासून अडवायचं कोणत्या तोंडानं? तुझं कळतं मला. पहिल्यांदा पडला तेव्हा तू खाली उभी होतीस, ते तुझ्या डोळ्यांसमोरून जात नसेल. पण तुझ्या भीतीसाठी त्याला आजारी ठेवू नको.

चढू दे त्याला. दादा शिडीवर नसेल तर तो दादा कसला? पाटी पूर्ण झाली की बघायला येते.

तुझी नणंद

२४ जून

वन्सं,

तुम्ही आलात, तेराव्यापर्यंत राहिलात, जाताना माझे केस विंचरून दिलेत, आणि तेवढ्या दिवसांत आपण दोघी धड बोललो नाही. घर माणसांनी भरलं होतं असं तुम्ही म्हणाल. खरं म्हणजे मीच तुम्हाला टाळत होते. तुम्ही स्वयंपाकघरात आलात की मी बाहेर जायची.

रवा माझ्याच बाटलीत धरला होता. खुर्चीवालीच्या नाही. मार्च संपता संपता दिसला, आणि त्याच सुमारास झटके परत आले. पहाटे, झोपेत. ह्यांना उठल्यावर काही आठवायचं नाही. जीभ चावली जायची तर म्हणायचे, स्वप्नात तुझ्याशी भांडलो वाटतं. मी म्हणायची, हो, आणि हरलात. मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही, ह्यांनाही सांगितलं नाही. नाव कापलं असतं तर मग काय होतं आमच्याकडे? वाटायचं, चार थेंबांतला एखादा तरी लागू पडत असेल, पुढची बाटली चांगली निघेल.

तुमचं पत्र येईपर्यंत मी ती कोमट पाण्यात उभी केली होती. दोन-तीनदा. नंतर नाही केली. तरी रवा वाढत गेला आणि पुढच्या नव्या बाटल्यांतही धरला. का धरला, वन्सं? मी तर डोळ्यांत तेल घालून जपत होते. दर महिन्याला जुन्या बाटलीच्या तळाशी आणि तोंडाशी जे चिकटून राहतं, तेसुद्धा सुईनं खरवडून नव्या बाटलीत ओतत होते. एवढ्या मुश्किलीनं मिळालेलं औषध, थेंब कसा टाकवेल?

ह्यांना झटक्यांचं सांगितलं असतं तर ते चढले नसते, पडले नसते. ते माझं मला माहीत आहे, त्यावर तुम्ही काही लिहू नका. पाटीतलं शेवटचं अक्षर राहिलं होतं. मालकानं ते दुसऱ्याकडून रंगवून घेतलं. फरक लांबूनही दिसतो. मी त्या रस्त्यानं जात नाही.

मला फक्त बाटलीचं सांगा. औषध मी बिघडवलं का? शेवटच्या दोन बाटल्या पाठवते आहे, तपासा आणि काय असेल ते लिहा. मला झोप लागत नाही.

वहिनी

२ जुलै

वहिनी,

दोन्ही बाटल्या तपासल्या. मी स्वतः तपासल्या, कोणाच्या हातात दिल्या नाहीत. तुझं काहीही चुकलेलं नाही. त्या महिन्यांत इथून निघालेला मालच कच्चा होता, दाणे आधीपासूनच त्यात होते. तू कुठेही ठेवली असतीस, काहीही केलं असतंस, तरी हेच झालं असतं. चूक आमची आहे.

आणि चढू दे म्हणून मी लिहिलं होतं. तू कारण विचारू नका म्हणालीस आणि मी खरंच विचारलं नाही. आयुष्यभर मी बारीकसारीक हालचाली टिपत आले आणि तुझ्या पत्रातली एवढी मोठी मला दिसली नाही. दादाला जाऊन महिना होत आला आणि अजून दुकानात रंगाचे डबे दिसले की मी रस्ता बदलते.

तू जेव. झोप. बाटलीचा विचार पुन्हा मनात आणू नको.

तुझी नणंद

१० जुलै

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले आणि मग झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठले. शेजारीण घाबरून दार वाजवत होती. ह्यांना गमावलं ते गमावलंच, पण निदान माझ्या हातानं औषध नासलं नाही, एवढं कळलं तरी पुरे झालं मला. तुम्ही नसता तर मी वेडी झाले असते.

काल खुर्चीवाली भेटायला आली होती. आल्यापासून बिचारी लेकीचंच सांगत बसली. तिची लेक ठणठणीत आहे, दुकानात कामाला जायला लागलीय. जाता जाता म्हणाली, नवी बाटली आणलीय, जुनीच्या तळाला थोडं उरलंय, टाकवत नाही, तुम्ही काय करायचा? ह्यांच्यानंतर मी तिच्याशी औषधाबद्दल एक अक्षर बोलत नव्हते, भीतीच बसली होती. काल मात्र सांगितलं, खरवडून ओत नव्या बाटलीत, मीही ओतत होते. माझ्या नणंदेनं तपासून सांगितलंय, माझं काही चुकलं नव्हतं म्हणून. तिला केवढा धीर आला! मलाही बरं वाटलं, कोणाच्या तरी उपयोगी पडले.

तुम्हीही जेवत जा. अंगानं अर्ध्या झाला होतात.

तुमची वहिनी

१५ जुलै

वहिनी,

खालच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला तो मिळाला असेल, आणि तू त्या बाईकडे गेलीही असशील. इस्पितळालाही कळवलंय. 'नवी बाटली वापरू नका' एवढंच मी दुकानदाराला सांगितलं. का, ते तुला सांगायला हवं.

माल कच्चा नव्हता. मी खोटं लिहिलं.

जुन्या बाटलीच्या तोंडाशी जे वाळतं त्यात बारीक दाणे धरतात. तिथल्या तिथे असले तर त्यांनी काही बिघडत नाही. पण त्यातला एक दाणा जरी नव्या बाटलीत गेला, की आतल्यांना पहिली ओळ आयती मिळते आणि एकेक करून सगळे तिला लागून उभे राहतात. चमचाभर विरजणानं पातेलंभर दुधाचं दही होतं, तसंच. कोमट पाण्यानं ते दाणे विरघळत नाहीत, उलट बाकीच्यांना हलायला मोकळीक मिळते आणि काम लवकर होतं. पहिला रवा मार्चमध्ये धरला, कारण तोवर तू एकदा-दोनदा ओतलं होतंस.

उन्हाचं, हिसक्याचं, सगळं मी तुला बजावलं. हे बजावलं नाही. आमच्याकडे जुनं नव्यात कोणी ओततच नाही, उरलेलं फेकतात. एखादी बाई ते सुईनं खरवडून जपून ठेवील हे इथल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि मी तर तुझ्या स्वयंपाकघरात वाढलेय. तुझं पत्र वाचलं त्या क्षणी मला कळलं होतं. तुला सांगायचा धीर झाला नाही. दादा गेला, त्यात तुलाही घालवायचं नव्हतं मला.

ती मुलगी कशी आहे ते कळव.

नणंद

१९ जुलै

वन्सं,

निरोप मिळाला तशी मी अनवाणीच निघाले. तुमचं पत्र नंतर आलं, पण त्याची गरज नव्हती. दुकानदारानं 'नवी बाटली' एवढे दोन शब्द उच्चारले तेव्हाच मला सगळं कळलं. रस्ताभर ते माझ्याबरोबर चालत होतं.

खुर्चीवालीनं दार उघडलं. मी बाटली मागितली आणि खिडकीशी धरली. तळाशी रवा होता, चिमूटभर. मुलीला आदल्या दिवशी चहा करताना झटका आला होता. हात शेगडीवर पडला. कोपरापर्यंत भाजलाय, बोटं उघडत नाहीत. जीव वाचला. आणि ऐका, तिच्या आईनंही डॉक्टरांना चहा सांडला असं सांगितलं होतं. नाव कापतील म्हणून.

मी तिला सांगितलं, की हे माझ्यामुळे झालं. मी शिकवलं तसं तू केलंस. माझा नवरा असाच गेला, मीच ओतत होते. ती म्हणाली, पण तुमच्या नणंदेनं तपासलं होतं ना? तिनं मला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी पायरीवर बसले आणि मग उठून घरी आले.

तिचं नाव कापू देऊ नका. त्यासाठी तुमच्या साहेबांना माझं सगळं सांगावं लागलं तरी सांगा, माझी पत्रं दाखवा. आणि आमच्या घरात औषध टिकतं असं तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना टिकलं नव्हतं म्हणून कळवा.

तुमच्यावर रागावू कशी? ह्यांना जपायला मी तुमच्याशी खोटं बोलले, मला जपायला तुम्ही माझ्याशी बोललात. तुमची माया मला कळते. पण काल दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, हातातलं काम पुढे सरकत नाही. खुर्चीवालीला ओत म्हटल्याचं मी तुम्हाला सहज म्हणून लिहिलं होतं. नसतं लिहिलं, आणि ती पोर शेगडीवर न पडता जिन्यावरून पडून जिवानिशी गेली असती, आणि मी तुम्हाला परत विचारलं असतं, की वन्सं, हे माझ्यामुळे झालं का, तर तेव्हाही तुम्ही मला 'नाही' असंच लिहिलं असतं ना?

याचं खरं उत्तर लिहा. कसंही असलं तरी लिहा.

तुमची वहिनी